पुढचं सगळं बरोबर आहे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. एकदा देवळात हात जोडून उभी असताना अगदी ओठांवर आलं होतं. पण मागे रांग होती, पुजारी म्हणाला, ताई, पुढे सरका — आणि मी सरकले. सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगते. देवापुढूनही सुटले म्हणून जिला बरं वाटतं, ती तुमच्यापुढे काय बोलणार? तरी बोलते. मध्येच थांबेन, भलतीकडे जाईन. मला नीटनेटकं सांगायची सवय आहे, सरळ सांगायची नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला फार उशिरा कळलं.

माझं काम दुकानं बांधायचं. विटा-सिमेंटची नाही, ऑनलाइन. आज माझ्याकडे नागपुरात बऱ्यापैकी मोठं ऑफिस आहे, हाताखाली मुलं-मुली आहेत. पण सुरुवात झाली ती आमच्या सक्करदऱ्याच्या घरी, वरच्या खोलीत. दोन टेबलं, एक कुरकुरणारा कूलर, आणि खिडकीतून दिसणारा तलावाचा एक तुकडा. एका टेबलावर मी. दुसऱ्यावर वैशाली. वैशू.

वैशू नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर बसलो आणि मग उठलोच नाही म्हणा ना. मी पहिल्यापासून दर्शनी बाई. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचा तर मी, गॅदरिंगला निवेदन करायचं तर मी, पाहुणे आले की ट्रे घेऊन बाहेर जायचं तर मी. वैशू उलटी. ती ट्रेमधल्या चहात साखर बरोबर पडली का ते स्वयंपाकघरात पाहणारी. ती माझ्या आईला आवडायची, माझ्यापेक्षा जास्त. आई उघड बोलूनही दाखवायची, आणि आम्ही दोघी हसायचो.

तिचे वडील ती लहान असताना गेले. वाढवलं मोठेबाबांनी — वडिलांच्या थोरल्या भावांनी. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता, गावात बऱ्याच जणांचा होता. आंब्या बहार तोडीला आला की माल गाड्या भरभरून कळमन्याला, नागपूरच्या ठोक बाजारात जायचा. एका उन्हाळ्यात वैशूच्या डोक्यात आलं — ही संत्री सरळ नागपूरकरांच्या दारात का जाऊ नयेत? पेटी भरायची, नाव लिहायचं, पाठवायची. गावातल्या लोकांनी मान हलवली ती आडवी. "पोट्टीच्या नादी लागून धंदा करता का आता?" असं मोठेबाबांना तोंडावर म्हणाले. मोठेबाबा म्हणाले, "हो, लागतो." त्यांनी आपल्याबरोबर आणखी चार घरांना तयार केलं, आपल्या शब्दावर. वैशूची सगळी पत त्या एका 'हो'वर उभी होती. हे लक्षात ठेवा. मला तेव्हा ते माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दुकान आम्ही बांधलं. पहिल्या पानावर मोठेबाबांचा फोटो — मी काढलेला. नवा पांढरा सदरा घालून बगीच्यात उभे, हातात दोन संत्री. हसायला सांगितलं तर म्हणे, "हसतोच हाय ना वं." चेहरा मात्र तहसीलदारापुढे उभ्या माणसाचा. शेवटी वैशू झाडामागून काहीतरी पुटपुटली आणि ते एकदम मोकळे हसले. तोच फोटो घेतला. खाली त्यांचा फोन नंबर टाकला. लोकांना तो फोटो फार आवडायचा.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कंटाळू नका, सोपं आहे. ऑनलाइन दुकानाला दोन अंगं असतात. एक पुढचं: तुम्हाला दिसतं ते. फोटो, रंग, बटणं, 'धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली'. दुसरं मागचं, जे कोणालाच दिसत नाही. माल किती उरला, ऑर्डर कोणाची, कुठे पाठवायची. सुरुवातीला आमचं दुकान एकजीव होतं. पुढचं-मागचं एकमेकांत कालवलेलं. मी बटणाचा रंग बदलला की वैशूचा हिशेब कोसळायचा, तिने मागे खिळा ठोकला की माझ्या पुढच्या भिंतीचा पोपडा पडायचा. दिवसातून दोनदा भांडण व्हायचं. पण त्या भांडणात एक गंमत होती, आता आठवते. काही बिघडलं की दोघींचं बिघडायचं. कोणाचं चुकलं हे विचारायची सोयच नव्हती.

वेगळं करू या, हे मी म्हटलं. हो, मीच. तेव्हा आमच्या धंद्यात तशी हवाच सुरू झाली होती — पुढचं वेगळं, मागचं वेगळं. हॉटेलात बाहेर काउंटर असतो आणि आत भटारखाना, मध्ये एक लहानशी खिडकी. बाहेरून चिठ्ठी आत जाते, आतून ताट बाहेर येतं. काउंटरवाल्याने आत डोकावायचं नाही, आचाऱ्याने बाहेर यायचं नाही. खिडकीतून काय जाईल आणि काय येईल एवढंच ठरवून घ्यायचं. मला हे फार आवडलं. माझा काउंटर मी हवा तसा सजवीन, रोज बदलीन, कोणाला विचारायला नको. वैशूला जरा धाकधूक वाटली. "म्हणजे तुह्या बाजूचं मले काहीच दिसणार नाही?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी सांगेन ना. आणि मग आम्ही नियम केला. कोणी दुसरीच्या बाजूला हात घालायचा नाही, की डोकावायचं नाही. दुसरीने सांगितलं की तिचं बरोबर आहे, तर ते बरोबर आहे. शब्दावर. कागदावर काहीच नव्हतं त्यातलं.

वैशूने माझ्यासाठी आणखी एक गोष्ट केली. मी पुढच्या अंगात सारखी काहीबाही करून पाहणार आणि खऱ्या ऑर्डरींत गोंधळ होणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने माझ्यापुरतं मागचं एक खोटं अंग तयार केलं. हुबेहूब खऱ्यासारखं. माझी खिडकी तिकडे वळवायची, खोट्या ऑर्डरी टाकून खेळायचं, सगळं जमलं की खिडकी पुन्हा खऱ्या बाजूला वळवायची. त्याला आम्ही 'सरावाचं दुकान' म्हणायचो. त्यात कोणाकोणाच्या नावाने ऑर्डरी असायच्या! माझ्या मांजरीच्या नावाने दोनशे पेट्या होत्या. अधूनमधून एक बटण दाबून ते सगळं रिकामं करायचं. कोणाला विचारायचं नाही. ते माझंच खेळणं होतं.

तुम्हाला आता कळलं असेल पुढे काय झालं ते. तरी मला ते लिहिलं पाहिजे, नाही का?

तोड ऐन भरात होती. मी धन्यवादाच्या पानावर एक नवी गंमत करत होते — ऑर्डर दिली की वरून संत्री टपटप पडायची आणि पेटीत जाऊन बसायची. सुंदर झालं होतं. सरावाच्या दुकानावर दहा वेळा पाहिलं, स्वतःवरच खूश झाले, आणि त्या खुशीत ते खऱ्या दुकानावर चढवून टाकलं. खिडकी वळवायची राहिली.

एवढीच चूक. एक पत्ता बदलायचा, तो बदलला नाही. लोक मोठेबाबांचा फोटो पाहत होते, संत्री मागवत होते, वरून टपटप संत्री पडत होती, धन्यवाद दिसत होतं — आणि चिठ्ठ्या सगळ्या माझ्या खेळण्यातल्या भटारखान्यात जाऊन पडत होत्या. खऱ्या बाजूला चिटपाखरू नाही. पैसे पेटी हातात आल्यावर द्यायचे असल्यामुळे कोणाला संशय यायचं कारणही नव्हतं.

पण ही चूक सांगायला मी बसलेली नाही. अशा चुका आमच्या धंद्यात होतात, हसून सांगतातही लोक. ही कबुली असती तर मी ती वर्षांपूर्वी एखाद्या चहाच्या टपरीवर देऊन टाकली असती.

दोन-तीन दिवस मोठेबाबा वाट पाहत राहिले. गावात पाचही घरं सकाळी विचारायची — आज किती पेट्या? आणि वैशू सांगायची, आज काही नाही. ऑर्डर आल्याशिवाय तोडायचं नाही असं ठरलं होतं, ताजा माल हीच तर आमची शान. संत्री झाडावरच राहिली. मग मोठेबाबांनी फोनवर विचारलं, आणि तो आवाज मी अजून विसरले नाही, "लोकायले आपला संत्रा नको झाला का, बाई?" वैशू म्हणाली, तसं नाही, आठवडाच थंड असेल. मीही मान डोलावली. तोवर मला खरंच माहीत नव्हतं. एवढं तरी माझ्या बाजूने आहे. त्याचा उपयोग काही नाही.

मग लोकांचे फोन सुरू झाले. पानावर नंबर मोठेबाबांचा, त्यामुळे सगळे त्यांनाच. पेटी आली नाही. घरी पूजा होती, आली नाही. मुलीच्या सासरी पाठवायची होती, आली नाही. फोटोत हसता आणि लोकांना फसवता होय? असं कोणीतरी म्हणालं त्यांना. मोठेबाबांना फसवणूक हा शब्द आयुष्यात कोणी लावला नव्हता.

त्या दुपारी वैशू खाली आईकडे पाणी आणायला गेली होती आणि मी माझी बाजू तपासायला घेतली. पहिल्याच ओळीत पत्ता दिसला. सरावाच्या दुकानाचा.

मी सरावाचं दुकान उघडलं. सगळ्या तिथे होत्या. माझ्या मांजरीच्या दोनशे पेट्यांच्या खाली एकाखाली एक — खरी माणसं, खरे पत्ते. मानेवाडा, नंदनवन, महाल. सूचनेच्या जागी कोणी लिहिलं होतं, आईला आंबट चालत नाही, गोड पाहून द्या. कोणी लिहिलं होतं, काकांचा फोटो पाहून ऑर्डर करतोय. मी वाचत गेले. एकही ऑर्डर हरवलेली नव्हती. सगळ्यांना फोन करता आला असता. माफ करा, आमचं चुकलं, उद्या पेटी पाठवतो. अर्ध्या दिवसाचं काम. बहुतेक लोकांनी ऐकूनही घेतलं असतं.

आणि मी काय विचार करत होते? सांगू? मी विचार करत होते, हे वैशूला कळलं तर वेगळं करायचा हट्ट माझा होता हे ती म्हणेल. ती तसं म्हणणारी नव्हती, हे मला ठाऊक होतं, तरी. मी विचार करत होते की चुकते ती नेहमी दुसरी असते, मी कधी चुकत नाही. लहानपणापासून माझी सगळी मिजास त्याच्यावर होती.

वैशू पाण्याचा तांब्या घेऊन वर आली आणि तेवढ्यात मोठेबाबांचा फोन. तिने तो टेबलावर ठेवला, दोघींना ऐकू येईल असा. पुढचं अंग आणि मागचं अंग हे त्यांना आम्ही कौतुकाने समजावलं होतं, गावात ते सगळ्यांना समजावून सांगायचे. त्यांनी रागावून नाही, अगदी शांतपणे विचारलं, "पोरीहो, मले एकच सांगा. पुढून चुकलं का मांगून?"

वैशूने माझ्याकडे पाहिलं. आरोपाने नाही. आमच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे — आधी पुढचीने सांगायचं, मग मागचीने. माझ्या समोरच्या स्क्रीनवर त्या सगळ्या ऑर्डरी उघड्या होत्या. मी ते पान झाकलं आणि म्हटलं,

"पुढचं सगळं बरोबर आहे, मोठेबाबा."

झालं. एवढंच वाक्य. वर लिहिलेलं सगळं मी या वाक्याभोवती फिरत होते.

वैशू म्हणाली, "मग माहंच असंन." लगेच म्हणाली. एक क्षणही गेला नाही मध्ये. माझ्या शब्दावर तिने इतकी वर्षं जेवढा विश्वास टाकला होता तो सगळा त्या 'मग'मध्ये होता. लोकांना धन्यवाद दिसतंय, म्हणजे चिठ्ठी खिडकीतून आत आली. आत आली आणि दिसत नाही, म्हणजे आत हरवली. हिशेब सरळ होता. फोन ठेवल्यावर तिने फक्त एक प्रश्न विचारला. अगदी सहज, स्वतःशीच बोलल्यासारखा. "तुह्या सरावाच्या दुकानात तर नाही ना वं जाऊन राहिल्या?"

दार उघडून धरलं होतं तिने माझ्यासाठी. तिला माहीत नव्हतं, पण धरलं होतं. तेव्हा 'हो' म्हटलं असतं तर? ती हसली असती. शपथेवर सांगते, ती हसली असती, मला एक चापट मारली असती आणि फोन लावायला बसली असती.

मी म्हटलं, "नाही वं, ते पाहिलं मी. रिकामं आहे."

आणि मग ते रिकामं करावं लागलं. आधी खोटं बोलले, मग ते खरं केलं. ती मान खाली घालून तिच्या कामात बुडाली होती, मी चार हातांवर बसून ते बटण दाबलं. यंत्र विचारतं — नक्की सगळं पुसायचं? मी हो म्हटलं. मांजरही गेली आणि माणसंही गेली. आईला गोड पाहून द्या, तेही गेलं.

खिडकी मी लगेच वळवली नाही. हे लिहिताना बोटं थांबतात माझी. लगेच वळवली असती तर ऑर्डरी आपोआप यायला लागल्या असत्या, आणि वैशूला कळलं असतं की तिने काही न करताच दुरुस्ती झाली. म्हणून मी थांबले, नव्या चिठ्ठ्याही तिकडेच पडू दिल्या. दोन दिवस ती शोधत होती. जिथे काही नव्हतं तिथे. जेवायला बोलावलं तर "तू जेव, मले भूक नाही." आईने तिच्या टेबलावर वरण-भात आणून ठेवला, तो तसाच निवला. शेवटी तिला वाटलं की सर्व्हरवर जागा कमी पडत असावी, चिठ्ठ्या लिहिल्याच जात नसाव्यात. तिने जागा वाढवली, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, आणि म्हणाली, पाह्य बरं आता.

तेव्हा मी खिडकी वळवली.

पहिली ऑर्डर आली तशी ती उठून उभी राहिली. "आली वं अनू, आली!" मला मिठी मारली आणि रडली. सुटकेचं रडली, आणि लाजेचंही. "माहंच होतं," म्हणत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हटलं, होतं असं, जाऊ दे. हो, हे मी म्हटलं. मोठ्या मनाने.

दुसऱ्या दिवशी एसटीने ती गावी निघाली, पाचही घरांपुढे स्वतः सांगायला. आणि मी सोबत गेले. मैत्रीण म्हणून! मोठेबाबांच्या अंगणात खाटेवर बसून मी मोसंबीचा रस प्यायले आणि वैशू उभी राहून सांगत होती की मागची बाजू माझ्याकडे होती, चूक माझी. तोवर झाडावर राहिलेली बरीच संत्री गळून गेली होती, उरलेला माल घाईने व्यापाऱ्याला दिला होता. कोणी तिला वाईट बोललं नाही. एकजण एवढंच म्हणाला, "म्हटलं होतं तुमाले, पोट्टीच्या नादी लागू नका." मोठेबाबांनी त्याला उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच दिलं नाही. मग वैशूकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या साली राहू दे बाई हे." आणि माझ्याकडे वळून, "तू सांभाळून घेतलं पोरीले. लय झालं."

आणखी काय सांगू? दुकान बंद झालं. संत्री पुन्हा कळमन्याला जायला लागली. वैशू आमच्या खोलीत येत राहिली, पण पहिली वैशू आली नाही. प्रत्येक गोष्ट दहादा तपासायची. "तू एकदा पाहून घे ना वं," म्हणायची — जिने कधी कोणाला काही विचारलं नव्हतं ती. पुढे पुढे साधी दुरुस्तीही ती उद्यावर ढकलायची. एक दिवस म्हणाली, मले हे काम जमत नाही अनू, लोकांचं नुकसान होते. मी अडवलं का? तोंडाने अडवलं. मनातून मला हायसं वाटलं, कारण ती टेबलावर नसली की मला समोर पाहता येत होतं. ती एका कॉलेजच्या ऑफिसात लागली, प्रवेशाच्या खिडकीवर. अजून तिथेच आहे. सणावारी गावी जाणंही तिने कमी केलं. मोठेबाबा रागावले नव्हते, पण तिच्या कामाबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

माझा धंदा वाढला. दुकानाचं पुढचं-मागचं वेगळं करून देणं हीच आता माझी ओळख आहे. नव्या लोकांना मी हसत समजावते. याचा मोठा फायदा म्हणजे काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते लगेच कळतं. हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन? दर वेळी टाळ्या नाहीत, पण माना तरी डोलतात.

गेल्या हिवाळ्यात मोठेबाबा गेले. तेरवीला मी गेले होते. अंगणात तीच खाट, आणि खुर्चीवर हार घातलेला फोटो. मी जवळ जाऊन पाहिलं. मी काढलेलाच फोटो. नवा पांढरा सदरा, हातात दोन संत्री, मोकळं हसू. दुकानाच्या पहिल्या पानावरचा. मोठा करून घेतला होता. मोठी आई, मोठेबाबांची बायको, म्हणाली, त्यांना स्वतःला हाच आवडायचा, भिंतीवरून कधी काढू दिला नाही.

जेवणं झाल्यावर वैशू तिच्या मुलीला घेऊन माझ्याजवळ आली. मुलगी यंदा बारावीला. डोळे आईचेच. वैशू तिला म्हणाली, "हे अनूमावशी. कॉम्प्युटरलेच जायचं म्हणतं ना, मग इच्यासारखी पक्की हो. माह्यासारखी नको होऊ." मग माझा हात हातात घेतला, आणि अगदी मनापासून म्हणाली, "माह्या हातून एवढं झालं, पण इनं आजवर मले एका शब्दानं बोलून नाही दाखवलं."

मुलीने वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले. मोठेबाबांचा फोटो समोरच होता. तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हटलं, खूप शीक.

हे वैशू वाचेल की नाही, मला माहीत नाही. वाचलं तर ओळखेल.

वैशू, त्या आठवड्यात तुझ्या बाजूला काहीही बिघडलेलं नव्हतं. ऑर्डरी आल्या होत्या. लोकांना मोठेबाबांची संत्री हवी होती. मी त्या सगळ्या वाचल्या, आणि पुसल्या.